आरव्हीत राहून कॅम्पग्राउंड होस्टचं काम : उन्हाळा कोलोरॅडोत, हिवाळा दक्षिणेत

अबोली_एनजे (धागालेखिका)

दुसऱ्या एका धाग्यावर मी जाता जाता लिहिलं होतं की आम्ही दोघं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतो आणि हंगामापुरते कॅम्पग्राउंड होस्ट, म्हणजे तंबू-आरव्हीच्या मुक्कामाची जागा सांभाळणारे, म्हणून काम करतो. त्यानंतर माझ्या विचारपुशीत बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा सूर एकच होता : नॅशनल पार्कात फुकट राहायला मिळतं म्हणे, रिटायर झाल्यावर आम्हीही येतो. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

आधी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. डोंगर, तारे, हरणं यांच्यासाठी हे काम घेऊ नका. ते भरपूर असतं, पण पर्यटक म्हणून गेलात तरी मिळतं. होस्टचं काम माणसांशी असतं. तुम्ही जेवायला बसलात की दार वाजणार. कुणाचा तंबू वाऱ्याने उडालाय, कुणाच्या जागेवर दुसऱ्यानेच गाडी लावलीय, कुणाला रात्री अकरा वाजता डायपर हवेत. दिवसात शंभराव्यांदा विचारलेल्या प्रश्नालाही पहिल्यासारखंच उत्तर द्यावं लागतं. ज्यांना हे मनापासून आवडतं त्यांना हे आयुष्य फार मानवतं. आम्हाला मानवलंय.

आम्ही न्यू जर्सीतलं घर विकून फिफ्थ व्हील घेतली, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचा मोठा ट्रेलर. मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर सोडून ट्रक वापरायला मोकळा राहतो, हा होस्टसाठी मोठा फायदा. एका जागी चार-पाच महिने राहायचं आणि गाव चाळीस मैलांवर, त्यामुळे प्रत्येक वेळी अख्खं घर घेऊन किराणा आणायला जाणं शक्य नसतं. मोटरहोमवाले, म्हणजे ज्यांचं घर आणि गाडी एकच असते ते, मागे छोटी गाडी बांधून आणतात, तेही चालतं.

काम कुणाकडे करायचं यावर सगळं अवलंबून आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे होस्ट हे स्वयंसेवक असतात. १९७० च्या सुमाराला त्यासाठी खास कायदा झाला आणि तेव्हापासून 'व्हॉलंटिअर्स इन पार्क्स' हा कार्यक्रम चालू आहे. पगार नाही. राहायला जागा, वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी मिळते. काही पार्क प्रोपेन देतात, काही रोजचा छोटा भत्ता. त्या बदल्यात आठवड्याला साधारण २० ते ३२ तास काम. वन्यजीव अभयारण्यं, राज्यांची स्टेट पार्क्स यांचाही मामला थोड्याफार फरकाने असाच. फॉरेस्ट सर्व्हिसची पुष्कळशी कॅम्पग्राउंड्स मात्र खाजगी कंपन्या चालवायला घेतात आणि तिथे होस्टला ताशी पगार असतो. चौथा प्रकार आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या धरणांवरचा, तिथे टेंडर भरून कंत्राट घ्यावं लागतं. त्याबद्दल इथे कुणी अनुभवी असेल तर लिहावं.

आम्ही उन्हाळा कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्समध्ये काढतो. सॅन लुईस व्हॅलीच्या कडेला, सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांच्या पायथ्याशी, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच वाळूच्या टेकड्या आहेत, सातशे फुटांहून जास्त. आमचं कॅम्पग्राउंड पिन्यॉन फ्लॅट्स, ८८ जागांचं, समुद्रसपाटीपासून ८,२०० फुटांच्या आसपास. पाहुण्यांच्या जागांवर वीज-पाणी नाही, होस्टच्या जागेवर आहे.

मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत इथे जत्रा असते. डोंगरावरचं बर्फ वितळून मेडॅनो क्रीक टेकड्यांच्या पायथ्याशी वाहायला लागते. पाण्याखाली वाळूचे छोटे बांध तयार होतात, फुटतात आणि त्यामुळे या उथळ ओढ्याला खरोखरच्या लाटा येतात. समुद्रापासून शेकडो मैलांवर पोरं लाटांवर बसून घसरतात. त्या शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, डास फोडून काढतात आणि एकही जागा रिकामी नसते. जागेशिवाय आलेल्या, लहान मुलं मागे झोपलेल्या कुटुंबाला रात्री नऊ वाजता 'जागा नाही' सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात कठीण भाग. मी नुसतं नाही म्हणत नाही. जवळ कुठे खाजगी कॅम्पग्राउंड आहे, कुठल्या सरकारी जमिनीवर रात्र काढता येते, अलामोसात हॉटेलं कुठे आहेत, याचा कागद लिहून ठेवलाय, तो हातात देते.

जुलैत ओढा आटत जातो आणि वाळू तापते. भर दुपारी पृष्ठभागाचं तापमान १५० फॅरनहाइटपर्यंत जातं. अनवाणी गेलेली मुलं आणि कुत्री तळपाय भाजून परत येतात. म्हणून सकाळच्या फेरीत आम्ही दोघं प्रत्येक तंबूपाशी थांबून सांगतो : दहाच्या आत जाऊन या, नाहीतर संध्याकाळी जा, बूट घाला, आणि दुपारी ढग दाटले तर लगेच खाली उतरा. उघड्या टेकडीवर वीज पडायची भीती असते. हे फलकावर लिहिलेलं आहेच, पण समोर माणूस उभा राहून सांगतो तेव्हा लोक ऐकतात. होस्ट असण्याचं खरं कारण मला तरी हेच वाटतं.

बाकीचं काम म्हणजे शेकोटीच्या कड्यांतली राख काढणं, निघालेल्यांची जागा झाडणं, बुकिंगच्या चिठ्ठ्या लावणं, संध्याकाळी अस्वलांसाठीच्या लोखंडी पेट्या बंद आहेत का पाहणं, दहानंतर शांतता राखायला सांगणं. प्रश्न विचारा, वेळ मिळेल तशी लिहीन. इंटरनेट इथे यथातथाच आहे.

डोंगरवेडा

अप्रतिम धागा. आम्ही दोघं पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, त्यामुळे पोस्ट दोनदा वाचली. अर्ज कुठे आणि कधी करायचा? आणि अनुभव नसताना पहिली संधी मिळते का?

अबोली_एनजे

@डोंगरवेडा, केंद्र सरकारच्या सगळ्या खात्यांच्या जागा व्हॉलंटिअर डॉट गव्ह या साइटवर येतात. उन्हाळ्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारीत अर्ज करा, मार्चपर्यंत चांगल्या जागा भरलेल्या असतात. फोनवर मुलाखत होते. निवड झाली की ओएफ-३०१ए नावाचा करार येतो, त्यात काम, तास आणि मुदत लिहिलेली असते. सही करण्यापूर्वी अक्षर न् अक्षर वाचा. या करारामुळे काम करताना दुखापत झाली तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याचं संरक्षण स्वयंसेवकालाही मिळतं. जिथे पैसे हाताळायचे असतात तिथे पार्श्वभूमी तपासतात.

अनुभव नसेल तर मोठ्या नावाच्या पार्काच्या मागे लागू नका. यलोस्टोन, झायनसाठी झुंबड असते. लहान नॅशनल मॉन्युमेंट, अभयारण्य किंवा स्टेट पार्क बघा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर घ्यायला तयार असाल तर नवख्यांनाही आनंदाने घेतात. शिवाय केंद्रीय खात्यांकडे मिळून २५० तास भरले की सगळ्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास मोफत मिळतो.

टेक्सासकर

आर्मी कोअरबद्दल मी लिहितो, आम्ही धरणावर गेट अटेंडंट म्हणून काम केलंय. जोडप्याने मिळून टेंडर भरायचं : या हंगामाचं आम्ही इतके डॉलर घेऊ. मंजूर झालं की ठरलेली रक्कम मिळते, जागा आणि जोडण्या मिळतात. पण इथे तुम्ही नोकर नसून कंत्राटदार असता. स्वतःचा विमा हवा, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर दोन्ही बाजूंनी स्वतःच भरायचा. आकडा भरताना हे धरून भरा. पाळी कडक असते, गेटवर बसायचं म्हणजे बसायचं, जरा फिरून येतो म्हणता येत नाही. आठवड्यातले ठरावीक दिवस पूर्ण सुट्टी असते, ती मात्र खरी सुट्टी.

टेक्सासच्या उन्हाळ्यात एक एसी पुरत नाही. दोन एसीचा ट्रेलर असेल तर ५० अँपिअरची जोडणी आहे का ते आधी विचारून घ्या. ३० अँपिअर म्हणजे एकूण ३,६०० वॅट. ५० ची जोडणी दोन तारांनी येते, ती १२,००० वॅट. फरक कागदावर वीस अँपिअरचा दिसतो, प्रत्यक्षात तिपटीहून जास्त आहे.

निशिगंध

धागा छान आहे, पण दुसरी बाजू लिहिते.

आम्ही एका खाजगी कंपनीसाठी फॉरेस्टमधल्या कॅम्पग्राउंडवर काम केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पगार ताशी किमान वेतनाने आणि फक्त नेमून दिलेल्या तासांचा. पण होस्टचं घर कॅम्पग्राउंडच्या दारातच असतं. रात्री दोन वाजता कुणी दारू पिऊन गोंधळ घातला तर उठायचं कुणी? आम्हीच. तो वेळ कुठल्याही तक्त्यात नव्हता. खड्ड्याची शौचालयं रोज धुवायची, शनिवारी दोनदा. सुट्टीच्या दिवशी तिथेच राहिलो तर लोक दार वाजवणार, म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही घर सोडून गावात जाऊन बसायचो.

शिवाय एक तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या कामाला पूर्वी पगारी हंगामी माणूस असायचा ते काम आता म्हाताऱ्या जोडप्यांकडून जागेच्या बदल्यात करून घेतात. ज्यांना पेन्शन आहे त्यांना हा छंद वाटतो. पण कॅम्पग्राउंडच्या आमच्या शेजारच्या भागातल्या (लूपमधल्या) होस्ट बाईंना दुसरं घर नव्हतं. त्यांच्यासाठी ही जागा म्हणजे डोक्यावरचं छप्पर होतं, त्यामुळे कितीही तास सांगितले तरी त्या नाही म्हणू शकत नव्हत्या. 'फुकट राहायला मिळतं' म्हणताना हेही दिसायला हवं असं मला वाटतं.

डोंगरवेडा

@निशिगंध, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत.

अबोली_एनजे

@निशिगंध, तुमच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे. शेजारच्या बाईंसारखी माणसं आम्हीही पाहिली आहेत. माझ्या मते ज्याला हंगाम संपल्यावर जायला दुसरी जागा आणि हातात काही महिन्यांचा खर्च नाही, त्याने विनापगारी होस्टिंग घेऊ नये, पगारी काम घ्यावं आणि तासांची नोंद स्वतःच्या वहीत रोज करावी.

हिशेब मी असा मांडते. आसपासच्या खाजगी आरव्ही पार्कात पूर्ण जोडण्यांसह महिन्याचं भाडं किती आहे ते काढायचं. त्याला महिन्याच्या तासांनी भागायचं. दोघं मिळून आठवड्याला ३० तास म्हणजे महिन्याला साधारण १३०. भाडं ८०० डॉलर धरलं तर तासाला सहा डॉलर पडतात. हा आकडा बघून जे मन म्हणेल ते खरं. आम्ही पार्कासाठी स्वयंसेवा करतो आणि ती द्यायची आमची तयारी आहे, म्हणून आम्हाला तो खुपत नाही. कंपनीच्या नफ्यासाठी मी त्या दराने राबणार नाही.

आणि हो, मुलाखतीत मी थेट विचारते : रात्री दहानंतर कोण बघतं? रेंजर किती लांब राहतो? सुट्टीच्या दिवशी आमच्या जागी कोण असतं? दारावर 'आज होस्ट सुट्टीवर' अशी पाटी लावायची परवानगी आहे का? ज्यांना या प्रश्नांचा राग येतो तिथे जायचं नाही.

शार्लटची_सुगरण

काकू, मला स्वयंपाकाचं सांगा. एवढ्याशा जागेत पोळी-भाजी रोज होते का? आणि फोडणीच्या वासाने अस्वल येत नाही का?

अबोली_एनजे

@सुगरण, रोज होते. पोळ्या होतात, भाकरी होते, चतुर्थीला मोदकही होतात.

८,२०० फुटांवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळतं. उघड्या भांड्यात तुरीची डाळ तासन् तास शिजत नाही, राजम्याचं तर नावच नको. कुकरशिवाय इथे मराठी माणसाचं चालणार नाही. शिट्ट्या घरच्यापेक्षा एक-दोन जास्त, भात थोडं पाणी वाढवून. जोडणी ३० अँपिअरची असेल तर इंडक्शन, एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावू नका, खटका पडतो.

खरं शिस्तीचं काम पाण्याचं आहे. होस्टच्या जागेवर सांडपाण्याची जोडणी असली तरी प्रवासात टाक्याच वापराव्या लागतात. एक टाकी चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिला ग्रे म्हणतात, आणि एक संडासाची, ती ब्लॅक. तेलकट ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची, नाहीतर ग्रे टाकीत तेलाचा थर बसतो आणि वास सुटतो. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह जोडणी असली तरी उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी बसून राहतो. टाकी भरत आली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. लहानपणी आजोळी विहिरीवरून आणलेलं पाणी आम्ही जसं वापरायचो, तसंच इथे वापरते.

अस्वलांचं म्हणाल तर त्यांना फोडणीइतकाच टूथपेस्टचा, साबणाचा, कुत्र्याच्या खाण्याचा वास कळतो. आमच्याकडे भक्कम भिंतींच्या आरव्हीत खाणं ठेवलेलं चालतं, खिडक्या-दारं बंद हवीत. तंबूवाल्यांनी सगळं लोखंडी पेटीतच ठेवायचं. मी बाहेरच्या शेगडीवर फोडणी केली तर शेगडी लगेच पुसून आत घेते, बाहेर काही ठेवत नाही. आपल्याकडचे पाहुणे येतात तेव्हा त्यांच्या चिवड्याच्या आणि लोणच्याच्या डब्यांकडे माझं बारीक लक्ष असतं. डेन्व्हरहून येणारी मराठी कुटुंबं बरीच असतात, त्यांना मराठीत समजावलं की लगेच पटतं.

केतकी_बे_एरिया

माझे आई-बाबा दरवर्षी सहा महिने व्हिजिटर व्हिसावर येतात. बाबांना निसर्गाची प्रचंड आवड आहे, इथे घरात बसून कंटाळतात. आम्ही आरव्ही घेऊन दिली तर ते दोघं असं होस्टिंग करू शकतील का? पगार नसतोच ना, मग व्हिसाला अडचण नसावी.

टेक्सासकर

@केतकी, कृपया हे करू नका. पगार नसला तरी कामाच्या बदल्यात जागा, वीज, पाणी मिळतं. इमिग्रेशनच्या दृष्टीने तो मोबदला धरला जाऊ शकतो आणि व्हिजिटर व्हिसावर मोबदल्याचं काम चालत नाही. हीच अडचण एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) काम करायची परवानगी नसलेल्यांनाही आहे. पार्क सर्व्हिस परदेशी स्वयंसेवकांना घेते, पण त्यासाठी वेगळा कार्यक्रम आणि योग्य व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, इथल्या कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

पाहुणे म्हणून मात्र त्यांना जरूर फिरवा.

केतकी_बे_एरिया

बरं झालं विचारलं. धन्यवाद काका.

टेक्सासकर

ग्रीन कार्डवाल्या ज्येष्ठांसाठी पुढचं लिहून ठेवतो. ६२ पूर्ण झाली असतील आणि नागरिक किंवा कायमचे रहिवासी असाल तर ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनिअर पास मिळतो. बऱ्याच केंद्रीय कॅम्पग्राउंड्सवर त्याने भाडं निम्मं होतं. प्रवासात याचा फार उपयोग.

घर विकलं की कायमचा पत्ता कुठला, हा प्रश्न येतो. पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बहुतेक जण टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचा पत्ता घेतात. तिन्ही राज्यांत वैयक्तिक आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. आमच्या टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावात एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा जुना क्लब आहे, १९७८ पासूनचा, त्यांचं टपालाचं काम मोठं आहे. पण पत्ता ठरवण्याआधी आरोग्य विमा बघा. ६५ नंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर जिथे ते स्वीकारतात तिथे चालतं. खाजगी विमा कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या अनेक योजना मात्र ठरावीक जिल्ह्यातल्या डॉक्टरांपुरत्या असतात, तातडीचे उपचार सोडले तर बाहेर अडचण. फिरणाऱ्याने हा फरक नीट समजून घ्यावा. ६५ च्या आतल्यांना तर राज्य बदललं की विम्याची योजनाच बदलते.

सोनसावर

धाग्यावर उशिरा आले. मी एकटी बाई आहे, यजमान गेल्यानंतर हे सुरू केलं. हिवाळ्यात ॲरिझोनात ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटला असते, मेक्सिकोच्या सीमेला लागून. ट्विन पीक्स कॅम्पग्राउंड, २०८ जागा. सग्वारो आणि ऑर्गन पाइप निवडुंगांचं जंगल आहे, जानेवारीत दुपारी स्वेटरची गरज नसते. इथले पाहुणे बहुतेक उत्तरेकडचे आणि कॅनडातले ज्येष्ठ, दरवर्षी त्याच आठवड्यांत येणारे. कोण आलं नाही हे आम्हाला आधी कळतं आणि मग फोन करून चौकशी होते.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : एकटीला भीती वाटत नाही का? मी सांगते ते असं. होस्ट पोलीस नसतो. आपण नियम सांगायचा, एकदा, हसून. ऐकलं नाही तर मागे फिरायचं आणि रेडिओवर रेंजरला कळवायचं. गाडीचा नंबर, जागेचा नंबर, वेळ. त्यापुढचं काम त्यांचं. वाद घालायला गेलेल्या पुरुष होस्टांनाच मी अडचणीत आलेलं पाहिलंय. माझा ट्रेलर लहान आहे, मला एकटीला जोडता-सोडता येतो आणि हेच माझं स्वातंत्र्य. जोडप्यांमध्येही दोघांना गाडी ओढता आणि मागे घेता यायला हवी. एक जण आजारी पडला तर दुसऱ्याने अडकून पडायचं का?

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. पश्चिमेकडे उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस हा फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो. १९९३ मध्ये फोर कॉर्नर्स भागात (चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे) त्याची साथ आली तेव्हा तो इथे ओळखला गेला. हंगामाच्या सुरुवातीला सामानाची बंद खोली उघडाल, नाहीतर महिनोन् महिने उभी असलेली आरव्ही, तर कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका. आधी दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्याने सगळं भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचला. हे काम सोपं आहे पण न चुकता करायचं.

अबोली_एनजे

@सोनसावर ताई, तुमची पोस्ट मी छापून ट्रकमध्ये ठेवणार आहे. राखेबद्दल मीही एक लिहायचं विसरत होते. शेकोटी विझलेली दिसली तरी आत निखारे दिवसभर जिवंत राहतात. पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहायचं. त्याशिवाय राख डब्यात भरायची नाही. कोरड्या वर्षी सरसकट शेकोटीबंदी लागते, तेव्हा मार्शमेलोची पाकिटं घेऊन आलेल्या मुलांची समजूत घालणं हेही आपलंच काम.

पुण्याचा_परीट

आम्ही भारतात असल्यामुळे केवळ वाचनाचा आनंद घेतोय. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. माझ्या मते आपल्याकडे गाड्यांपेक्षा मुक्कामाच्या जागांची आणि त्या सांभाळणाऱ्या माणसांची जास्त गरज आहे. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत शेकडो तंबू लागतात, काचा, प्लॅस्टिक, रात्रभर स्पीकर. तिथे गावातलंच एखादं जोडपं होस्ट म्हणून पगारी नेमलं, कचरा, आवाज, उजेड यावर लक्ष ठेवलं, तर किती फरक पडेल. बाहेरच्या निवृत्तांनी फुकट करण्यापेक्षा स्थानिकांना रोजगार म्हणून मिळावं.

निशिगंध

@पुण्याचा_परीट, शंभर टक्के अनुमोदन. अगदी हेच म्हणायचं होतं.

सह्याद्री_इन_सिॲटल

सरकारचं शटडाऊन झालं तर होस्टांचं काय होतं? २०१८ च्या डिसेंबरातलं तर ३५ दिवस चाललं होतं.

अबोली_एनजे

@सह्याद्री, निधी थांबला की स्वयंसेवकांनाही काम थांबवावं लागतं, मन असलं तरी. जागेवर राहू देतील की नाही हे त्या त्या ठिकाणच्या प्रमुखावर असतं. त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारीत केंद्रीय जागा घेतली असेल तर पर्यायी मुक्काम ठरवून ठेवावा. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमिनी सांभाळणारं खातं) जमिनीवर हंगामी परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. वीज नाही, सौर पॅनल आणि पाण्याच्या टाक्या हव्यात. आमचा पर्याय नेहमी तोच असतो. इतर बीएलएम जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवसांची मर्यादा आहे.

शार्लटची_सुगरण

काकू, गणपती कसा बसवता?

अबोली_एनजे

शाडूची छोटी मूर्ती हाताने करतो. समई विजेची, कारण आरव्हीत ज्योत नको. विसर्जन बादलीत, ओढ्यात काहीही सोडायचं नसतं आणि तोवर ओढाही आटलेला असतो. माती वाळवून डब्यात ठेवतो आणि पुढच्या वर्षी त्याच मातीची मूर्ती करतो. आरतीला शेजारच्या जागांवरची माणसं येतात, रेंजर येतो, प्रसादाचं वाटप जोरात होतं.

डोंगरवेडा

धागा वाचून आम्ही खरंच अर्ज केला. एका अभयारण्याकडून फोन येणार आहे. जुना ट्रेलर बघितलाय, टायरची नक्षी नव्यासारखी आहे, म्हणून विक्रेता म्हणतो बदलायची गरज नाही. बरोबर आहे का?

टेक्सासकर

@डोंगरवेडा, नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूवर DOT अशी अक्षरं असतात, त्यापुढच्या आकड्यांतले शेवटचे चार वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. ट्रेलर बराच काळ उन्हात उभा असतो, रबर आतून सुकतं, त्यामुळे नक्षी शाबूत असली तरी पाच ते सात वर्षांत टायर बदलतात. जुने असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या आणि तिथून निघण्यापूर्वी बदला. स्टेपनीचा टायरसुद्धा तपासा, तो हमखास मूळचा असतो. छतावर चढून सांधे बघा, कोपऱ्यांत भिंत दाबून बघा, मऊ लागली तर पाणी मुरलंय, मग तो ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

अबोली_एनजे

@डोंगरवेडा, अभिनंदन! फोनवर त्यांना एवढं नक्की विचारा की गेल्या हंगामाचे होस्ट परत येताहेत का, आणि येत नसतील तर त्यांच्याशी बोलता येईल का. चांगल्या ठिकाणचे लोक नंबर लगेच देतात. काय ठरलं ते इथे लिहा.